वहीतलं शून्य

त्यांच्या फ्रिजच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता : ‘तीनवर आहे. तीनवरच असू द्यावा.’ इस्त्रीच्या खोक्यात तसाच कागद, पंख्याच्या बटणापाशी तसाच. इस्राएलमधल्या बेर्शेबात मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होतो ते अंकल घरातल्या प्रत्येक यंत्राचा काटा कुठे असतो हे लिहून ठेवत. कागद नुसते आल्यागेल्यासाठी. खरी नोंद वहीत असे.

वही लांबट, जाड पुठ्ठ्याची, मुंबईहून येताना आणलेली. पहिल्या पानावर निळ्या शाईत ‘जसं होतं तसं’ असं नाव घातलेलं. आत वॉशिंग मशीनचा खटका, रेडिओची सुई, बैठकीच्या खिडकीची झडप (‘दुपारी चार बोटं उघडी’) असं सगळं क्रमाने लिहिलेलं. काही बदललं तर जुनी ओळ फूटपट्टी ठेवून एका रेघेने खोडायची आणि खाली नवी लिहायची, शेजारी तारीख. गिरगटलेलं त्यांना चालत नसे. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे, म्हणत.

यंत्रांच्या मध्येच एका पानावर मला हेही दिसलं होतं : ‘चहा. तिला दीड चमचा साखर. विचारलं तर एक सांगते.’

ते मुंबईच्या तार ऑफिसात होते. इकडे आल्यावर निवृत्त होईपर्यंत टपाल छाटायच्या कामावर. पण कोणी विचारलं की ते तारवालेच. बोलणंही तसंच, मोजकं. मी सकाळी निघताना ते दारात विचारत, “कधी?” मी म्हणायचो, “सहाला.” “ऑल राइट.” एवढ्यात संपलं. घरात मराठीच बोलायची असा त्यांचा नियम होता. माझ्या तोंडून हिब्रू निघालं की ते ऐकू न आल्यासारखं करत आणि मी तेच मराठीत म्हणेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहत. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही पनवेलहून आलो. तिसरीपर्यंतची माझी मराठी तिथेच थांबून राहिली असती. आज हे लिहू शकतो आहे ते बरंचसं त्यांच्या त्या खिडकीबाहेर बघण्यामुळे.

मला ते पहिल्या दिवसापासून “प्रोफेसर” म्हणत. थट्टेनेच. पण मला ते थोडं आवडायचं, हे आता कबूल करतो.

माझे वडील जवळच्या नेतिवोत गावात पॅकिंगच्या कारखान्यात होते, आई बालवाडीत मदतनीस. आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत गेलेला मी पहिला. मी रसायनशास्त्र शिकत होतो, पण घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या लेखी युनिव्हर्सिटी म्हणजे कॉम्प्युटर. कोणाचा प्रिंटर अडला की मला बोलावणं येई. वर्गात मी कधी हात वर करत नसे. जे मला समजलं नाही ते बाकीच्यांना घरूनच माहीत असणार, असं वाटायचं आणि विचारायची लाज वाटायची. त्यामुळे जिथे मला कोणी जाणकार समजे तिथे ‘मला माहीत नाही’ हे शब्द माझ्या तोंडून निघत नसत. प्रिंटर कधी कधी दुरुस्तही व्हायचा.

दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले असतील. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. अंकल आठवडाभर कॉम्प्युटरवर आलेलं टपाल नुसतं उतरवून घेत. पाठवायचं ते शुक्रवारी सकाळी. शुक्रवारी ते आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालत आणि वर तार ऑफिसातला टाय बांधत. मग मोडेम लावत. मोडेम किंचाळायला लागला की उभे राहत, पेन्सिलीने टेबलावर टकटक करत कान देऊन ऐकत आणि निकाल देत, “आज लाइन ओली आहे.” बेर्शेबात आठ आठ महिने थेंब पडत नाही, तरी त्यांची लाइन ओली असे. जोडणी झाली की म्हणत, “लाइन क्लिअर,” आणि बसत.

पत्र जाई. आणि लगेच एक टुणकन आवाज होऊन पडद्यावर चौकट येई, लाल फुलीची : काही पत्रं पाठवता आली नाहीत. अंकल पुढे वाकून ती चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. दर शुक्रवारी तीच चौकट, तेच शब्द. वाचून झालं की तिला “तोदा” म्हणत, म्हणजे थँक यू, आणि बंद करत. हिब्रूतला तेवढा एक शब्द घरात चालत असे.

“अंकल, हे दुरुस्त करून देऊ?” मी एकदा विचारलं.

“त्याला काय झालंय?”

“चूक दाखवतोय.”

“दाखवू दे. त्याचं काम तो करतोय, तू तुझं कर. परीक्षा आहे ना?”

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, चुकीची सवय झाली आहे. मला त्यांची दया आली. ही दया मला अजून टोचते.

त्या घरात एका माणसाचं सामान जास्त होतं. बाथरूममध्ये दुसरा कंगवा, दाराशी बायकी चपला, स्वयंपाकघरात कमी उंचीच्या माणसाचा हात पोचेल अशा खाली लावलेल्या कड्या. आंटी, म्हणजे अंकलची बायको, दोन वर्षांपासून बेत आवोतमध्ये, वृद्धाश्रमात होत्या. त्यांची आठवण गेली होती. अंकल रोज तीनच्या बसने डबा घेऊन जात, शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागून सगळं बंद होई, त्याच्या आत परतायचं म्हणून सकाळीच. एवढं मला आईने खोली ठरवतानाच सांगितलं होतं. जे सांगितलं नव्हतं ते मला एका शुक्रवारी कळलं. मी चहा करत होतो, अंकल टायपिंग करत होते.

“प्रोफेसर, ऐक. ‘इथल्या नारळाला वासच नाही, लाकूड किसल्यासारखं वाटतं.’ हे बाईमाणसाच्या तोंडी बसतं का?”

“बसतं. पत्र कोणाचं आहे?”

“आंटीचं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी खुर्ची वळवली आणि जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्या कमी शब्दांत सांगितलं. ठाण्याला आंटींच्या थोरल्या बहीण होत्या, ताई. आई लवकर गेल्यामुळे आंटींना त्यांनीच वाढवलेलं. इस्राएलला निघताना विमानतळावर ताईंनी आंटींचा हात अंकलच्या हातात दिला होता आणि एकच वाक्य म्हटलं होतं, “ही पत्र टाकायला आळस करते, तुम्ही लक्ष ठेवा.” आता ताईंचं हार्टचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्का बसता कामा नये. त्यांचा नातू रविवारी सायबर कॅफेत जाई, आलेली पत्रं छापून आजीला आणून देई. म्हणून अक्षर मोठं, सोळा नंबरचं, निळं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एकदा चुकून बारीक अक्षरात पत्र गेलं तेव्हा नातवाला वाचून दाखवावं लागलं, आणि ताईंनी कळवलं होतं की पोरगा भरभर वाचतो, तुझा आवाज येत नाही.

“म्हणजे त्यांना माहीतच नाही?”

“नाही.”

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि फार प्रामाणिक होतो. म्हणालो, “पण हे खोटं नाही का, अंकल?”

ते रागावले नाहीत. “प्रोफेसर, ‘आई सिरीयस, ताबडतोब निघ’ ही तार मी किती वेळा ठोकली असेल. आई गेलेली असायची. फॉर्म भरणारा समोर रडत असायचा. पण लिहायचा सिरीयसच. पलीकडच्या माणसाला गाडीत बसून घरी यायला धीर हवा ना. मी कधी एका फॉर्मवर हरकत घेतली नाही.” मग परत पडद्याकडे वळून म्हणाले, “आणि मी माझ्या मनचं लिहीत नाही. ती जे म्हणाली असती तेवढंच लिहितो. बाकी खोडतो.”

एकदा मी त्यांच्याबरोबर आंटींना भेटायला गेलो. आंटी खिडकीपाशी बसल्या होत्या, पांढऱ्या केसांची बारीक वेणी, पायात लोकरी मोजे. अंकलना पाहून त्यांनी पदर सारखा केल्यासारखा हात खांद्यावर फिरवला. अंगात गाऊन होता. म्हणाल्या, “तार आली का?”

“आली,” अंकल उभ्यानेच म्हणाले. “ठाण्याहून. ताई खुशाल. पाऊस चांगला. काळजी नसावी.”

“सही करू?”

“नको. मी केली.”

रोज हेच चालायचं. नवरा म्हणून त्या ओळखत नव्हत्या. तारवाला म्हणून ओळखत होत्या आणि त्याच्यावर त्यांचा विश्वास होता. परतताना बसमध्ये अंकल म्हणाले, “तीस वर्षं तारेत काढली. बाईने कधी विचारलं नाही ऑफिसात काय करता. आता रोज विचारते.” हे त्यांनी जवळजवळ हसत सांगितलं.

आता मला सांगायलाच हवं ते सांगतो. इतका वेळ मी दुसरंच सांगत बसलो आहे, हे माझ्या लक्षात आलंय.

थंडीत कॉम्प्युटर बिघडला. सुरू व्हायला पंधरा मिनिटं घ्यायचा, मध्येच निळा पडदा. मी पाहून सांगितलं की सगळं पुसून पहिल्यापासून भरावं लागेल. वसतिगृहातल्या एका मित्राकडून सीडी आणल्या.

“पत्रं जातील?” अंकलनी विचारलं.

“नाही. मी आधी कॉपी करून घेतो.”

“आणि बाकीचं?”

बाकीचं म्हणजे त्यांनी मेलच्या प्रोग्रॅममध्ये करून ठेवलेल्या सगळ्या सोयी. मला तेव्हा माहीत नव्हतं की पत्रं एका जागी साठतात आणि या सोयी दुसऱ्याच जागी. पत्रांची फाइल उचलली म्हणजे सगळं आलं, असं मी समजत होतो. “येईल, अंकल,” मी म्हणालो.

त्यांचा विश्वास वहीवर जास्त होता. त्यांनी दोन दिवस बसून प्रोग्रॅमच्या एकेका खिडकीत काय आहे ते लिहून काढलं. दोन खाती होती, एक आंटींच्या नावाचं, एक त्यांच्या स्वतःच्या. आंटींच्या खात्याला निळं अक्षर, सोळा नंबर, खाली आपोआप येणारी ओळ ‘तुझी धाकटी’. त्यांच्या खात्याला काळं अक्षर, बारीक, खाली ओळ नाही. ठाण्याहून काही आलं की सायकलच्या घंटीचा आवाज. पत्र लगेच पाठवू नये. अक्षरं तपासू नयेत. अशी दीड पान यादी. वही माझ्या हातात देऊन ते म्हणाले, “जसं होतं तसं, प्रोफेसर. एक काना इकडचा तिकडे नको.”

शुक्रवारचा दिवस होता. ते डबा घेऊन आंटींकडे गेले. मी एकटाच घरात. दुपारी साडेबाराच्या सुमाराला यंत्र सुरू झालं आणि प्रोग्रॅम उघडला. पत्रं सगळी होती. बाकी काहीच नव्हतं. खाती नाहीत, घंटी नाही, सगळं अक्षर एकसारखं बारीक आणि काळं. मग वही उघडली आणि ओळीमागून ओळ भरत गेलो. निळं. सोळा. तुझी धाकटी. घंटीची फाइल त्यांनी एका फ्लॉपीवर वेगळी ठेवली होती, ती लावली, वाजवून पाहिली. एकेक गोष्ट परत जागेवर येताना मला इतका आनंद होत होता की तो अजून आठवतो. कोणत्याच परीक्षेत मला तसं वाटलं नव्हतं.

शेवटी त्यांच्या खात्याचं पान. पत्रं बाहेर पाठवणाऱ्या सर्व्हरचं नाव जिथे भरायचं, तिथे वहीत होतं ‘०’. नुसतं शून्य, शाईने नीट काढलेलं.

मला लगेच वाटलं, सापडलं. दर शुक्रवारची ती चौकट याचमुळे. नाव माहीत नसेल, म्हणून शून्य घातलं असेल, आणि इतके महिने बिचारे त्या चौकटीला थँक यू म्हणत बसले. आंटींच्या खात्यात बरोबर नाव होतंच. मी तेच इथे भरलं. ते आल्यावर चौकट येणार नाही, त्यांना आश्चर्य वाटेल, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणलं. मग मोडेम लावला आणि बटण दाबलं.

निळी पट्टी सरकायला लागली. एकेचाळीसपैकी एक. एकेचाळीसपैकी दोन. मला वाटलं, अरे, एवढी पत्रं अडकली होती यांची. मी अभिमानाने पाहत बसलो होतो. पट्टी भरली, चौकट आली नाही. मग सहज, कोणाला गेली ते पाहावं म्हणून मी गेलेल्या पत्रांतलं वरचं एक उघडलं.

‘ताई, हे तुम्हाला मिळणार नाही म्हणून लिहितो. आज तिने मला चौथ्यांदा विचारलं की तुम्ही कोणाचे.’

मी टेलिफोनची तार भिंतीतून उपटली. त्याचा काही उपयोग नव्हता, सगळी गेलीच होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस ताईंना.

तेव्हा दुपारचा एक वाजला होता. अंकल अडीचपर्यंत यायचे. माझी नेतिवोतची बस दीडची होती. त्यानंतर तीनचीही एक होती, मला वेळापत्रक पाठ होतं. ठाण्याचा नातू रविवारी सकाळी सायबर कॅफेत जाणार, हेही मला माहीत होतं. म्हणजे मी थांबलो असतो, अंकल आल्यावर सांगितलं असतं आणि त्यांनी शब्बाथच्या आत ठाण्याला एक फोन केला असता, ‘पत्रं छापू नकोस’, तर कोणालाच काही कळलं नसतं. हे सगळं मला तेव्हाच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या सुचलं. नंतर सुचलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

मी कॉम्प्युटर बंद केला. आंटींनी भरलेलं कशिद्याचं कापड त्यावर घातलं. एका कागदावर लिहिलं, ‘सगळं झालं. जसं होतं तसं. शब्बाथ शालोम,’ आणि दीडची बस पकडली.

घरी आईने माझ्या आवडीची मटणाची हमूस करी केली होती, हिरवी, नारळाच्या दुधातली. वडील शेजाऱ्यांना सांगत होते, “आमच्या ह्याने एका माणसाचा अख्खा कॉम्प्युटर नव्याने उभा केला.” शेजारी म्हणाले, “आमचाही जरा बघ की.” मी हो म्हणालो. शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ संपल्यावर, फोन करता आला असता. फोन बैठकीत होता आणि बैठकीत सगळे होते, असं मी स्वतःशी म्हणालो.

रविवारी सकाळी नऊला मी परत आलो तर अंकल टाय बांधून कॉम्प्युटरसमोर बसले होते. रविवारी टाय मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी नुकताच प्रोग्रॅम उघडला होता. ‘गेले’च्या यादीत एकेचाळीस पत्रं ओळीने.

“प्रोफेसर,” ते शांतपणे म्हणाले, “तार डिलिव्हरीच्या आधी परत बोलावता यायची. हे येतं का बोलावता?”

“नाही येत, अंकल.”

त्यांनी मान हलवली, रिसीव्हर उचलला आणि ठाण्याचा नंबर फिरवला. नातवाने फोन घेतला. जुना फोन, आवाज बाहेर ऐकू यायचा. पोरगा खुशीत होता. “आत्ताच छापून आणली, अक्षर मोठं करून. केवढी पत्रं एकदम! आजी चष्मा लावून बसलीय, जेवायलाही उठत नाही. बोलावू?”

“नको,” अंकल म्हणाले. “वाचू दे.”

फोन ठेवून त्यांनी वही उघडली. मग विचारलं, “शून्य भरलं होतंस ना? वहीप्रमाणे?”

आणि मी म्हणालो, “हो. वहीप्रमाणेच. पण हा नवीन प्रोग्रॅम आहे, अंकल. याला शून्य चालत नाही. तो आपोआप भरून घेतो.”

“आपोआप?”

“हो. कधी कधी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फूटपट्टी घेतली, शून्याच्या ओळीवर ठेवून ती खोडली आणि खाली आपल्या त्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘नवीन प्रोग्रॅम शून्य घेत नाही. आपोआप भरतो.’ शेजारी तारीख घातली. मी खोटं बोललो ते एका वाक्यात संपलं असतं. त्यांनी ते वहीत घेतलं.

ताईंचं उत्तर बुधवारी आलं. सायकलची घंटी वाजली तेव्हा मी माझ्या खोलीत होतो. ती घंटी मीच परत बसवली होती. अंकलनी हाक मारली नाही. पण मी गेलो तेव्हा पडदा झाकलाही नाही. पत्र पहिल्यांदाच त्यांच्या नावाने होतं. राग नव्हता, रडणं नव्हतं. धक्क्याने त्यांना काही झालंही नाही. लिहिलं होतं, ‘वाचलं. तुम्ही एकट्याने सोसलंत, मला सांगायला हवं होतं. तिची पत्रं मी उशीखाली ठेवते. त्यातलं तिचं शेवटचं खरं कोणतं, तेवढं कळवा. ती वेगळी करून ठेवते.’

अंकल उठले आणि वहीची मागची पानं चाळायला लागले. सुरुवातीला आंटी पत्र सांगत आणि ते टाइप करत, हे मला तेव्हा कळलं. एका पानावर, वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीखाली, एक ओळ सापडली : ‘आज पत्र अर्धं तिने सांगितलं. बाकी मी.’ त्यांनी ती तारीख ताईंना कळवली. सोबत लिहिलं, ‘त्यातही भेंडीच्या ओळीपर्यंतच तिचं.’

त्यानंतर ठाण्याहून पत्रं येत राहिली, पण त्यांनाच. औषधं काय देतात, झोपते का, खाते का. आंटींच्या नावाने काही आलं नाही. शुक्रवारी अंकल काळ्या अक्षरात चार ओळी उत्तर पाठवत. आता चौकट येत नसे. टाय त्यांनी बांधणं सोडलं. “तिच्या नावाचं कोणी मागत नाही आता,” एकदा एवढंच म्हणाले. मी समजत होतो की माझ्यामुळे एक गुपित फुटलं. पण दर शुक्रवारी तासभर ती बाई त्या टेबलाशी येऊन नारळाला नावं ठेवत असे, आणि ते मी बंद पाडलं होतं. हे मी त्यांना सांगायचं रोज ठरवत होतो. दारात ते विचारत, “कधी?” मी म्हणायचो, “सहाला.”

वसंतातला पेसाहचा सण होऊन गेल्यावर एका शुक्रवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. टाय बांधलेला होता.

“प्रोफेसर, एक काम आहे. आंटीच्या खात्यात शून्य घालायचं.”

मी खुर्चीत बसलो. कुठे घालायचं ते मी विचारलं नाही. एक खिडकी, तिच्यात दुसरी, तिच्यात तिसरी, माझा हात सरळ तिथे गेला. सर्व्हरचं नाव पुसलं, शून्य घातलं, बटण दाबलं. खिडकी मिटली. मी ती परत उघडली. शून्य जागेवर होतं.

वही शेजारी उघडी होती. ‘नवीन प्रोग्रॅम शून्य घेत नाही.’ आम्ही दोघंही ती ओळ पाहत होतो. मी तोंड उघडलं, पण काय म्हणायचं ते जुळेना, आणि त्यांनी मला जुळवायला पुरेसा वेळही दिला, हे मला आठवतं. मग त्यांनी खणातून फूटपट्टी काढली, त्या ओळीवर ठेवली आणि एका रेघेने ती खोडली. खाली लिहिलं, ‘घेतो.’ तारीख घातली.

“ऊठ,” ते म्हणाले. “मला लिहायचंय.”

ते बसले. निळं अक्षर, सोळा नंबर. मी दारापर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. ते दोन बोटांनी टाइप करत होते. मध्येच, मागे न बघता, त्यांनी विचारलं, “‘यंदा भेंडी चांगली मिळते.’ असं ती म्हणेल?”

“नाही,” मी म्हणालो. “त्या म्हणतील, भेंडी जून आहे.”

“बरोबर.” त्यांनी ओळ पुसली आणि पुन्हा लिहिली.

मग मोडेम लावला, उभे राहिले, पेन्सिल टेबलावर वाजवली. लाइन कशी आहे ते आज सांगितलं नाही. टुणकन आवाज झाला आणि चौकट आली, लाल फुलीची. ते पुढे वाकले आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

“तोदा,” ते म्हणाले.